आपल्या गावची इंडिका



तुमच्यापैकी अनेकांचे वडील, चाचा किंवा मोठे भाऊ पिंपरी, भोसरी, आकुर्डी किंवा चाकणच्या कारखान्यांत काम करत असतील. कोणी फिटर असेल, कोणी वेल्डर, तर कोणी रंगकाम करणारा. आपले शहर मोटारी बनवणाऱ्यांचे शहर आहे. चाकणच्या रस्त्याने नव्या कोऱ्या गाड्या घेऊन जाणारे लांबलचक ट्रेलर तुम्ही नेहमी पाहता. परंतु आपल्या शहरात जन्मलेली आणि साऱ्या देशात पोहोचलेली एक गाडी आता आपल्याच रस्त्यांवर क्वचित दिसते. त्या गाडीचे नाव इंडिका.

तिची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. टेल्को ही मुख्यतः ट्रक बनवणारी कंपनी होती. २००३ साली तिचे नाव टाटा मोटर्स झाले, तरी भोसरीकडील रस्त्याला लोक अजूनही टेल्को रोडच म्हणतात. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार आपण स्वतः तयार करायची, असे या कंपनीचे प्रमुख रतन टाटा यांनी ठरवले. गाडी बाहेरून झेनएवढी लहान, आतून अँबॅसडरसारखी ऐसपैस, किमतीला मारुती ८०० च्या जवळपास आणि डिझेलवर कमी खर्चात चालणारी हवी, अशी त्यांची कल्पना होती. ‘हे जमणार नाही,’ असे म्हणणारे पुष्कळ होते. नवा कारखाना उभारणे फार महाग होते. म्हणून ऑस्ट्रेलियातील निस्सान कंपनीचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला गेला. त्याची यंत्रे सुटी करून जहाजाने आणली आणि पिंपरीत पुन्हा जोडली. एका देशाने टाकून दिलेली यंत्रे आपल्या कारागिरांनी कामाला लावली!

जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात इंडिका लोकांपुढे आली आणि वर्षाच्या अखेरीस तिची विक्री सुरू झाली. काही दिवसांतच एक लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरले. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. अभियंत्यांनी आणि कामगारांनी त्या दूर केल्या आणि २००१ साली सुधारलेली ‘व्ही टू’ इंडिका आणली. पुढे हीच गाडी काही काळ ‘सिटी रोव्हर’ या नावाने इंग्लंडमध्येही विकली गेली. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले.

माझ्या मामूंनी २००३ साली एक पांढरी इंडिका घेतली आणि टुरिस्ट गाडी म्हणून चालवली. तेव्हा मी तुमच्याएवढीच होते. त्या गाडीवर त्यांच्या तीन मुलांचे शिक्षण झाले. ईदच्या दिवशी आम्ही सगळी भावंडे तिच्यात दाटीवाटीने बसून नातेवाइकांकडे जात असू. २०१९ साली गाडी थकली. सुटे भाग मिळेनात, दुरुस्तीचा खर्च परवडेना. शेवटी मामूंनी ती भंगारात दिली. वजनकाट्यावर तिचा हिशोब किलोने झाला. भंगारवाल्याने किल्ली मात्र परत दिली. ती आजही त्यांच्या घरात खिळ्याला टांगलेली आहे. घरातले कोणतेच कुलूप तिने उघडत नाही, पण मामू ती काढू देत नाहीत.

मुलांनो, जुन्या गाड्या रस्त्यावर धावत राहाव्यात, असे मी म्हणत नाही. जुन्या डिझेल गाडीचा धूर आपल्याच फुप्फुसांत जातो. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पुन्हा नोंदणी घ्यावी लागते, हा नियम योग्यच आहे. भंगारातले लोखंड वितळून त्याच्या नव्या वस्तू होतात, हेही चांगलेच आहे. माझे म्हणणे इतकेच आहे, की सगळ्याच गाड्या वितळवू नयेत.

प्रत्येक वस्तू आधी नवी असते, मग जुनी होते, मग भंगार ठरते. या भंगाराच्या काळातून ती वाचली, तरच पुढे दुर्मीळ ठरते. राजेमहाराजांच्या मोटारी या काळातून वाचल्या, कारण त्यांच्याकडे जागा होती, पैसा होता, नोकरचाकर होते. सामान्य माणसाची गाडी कोण सांभाळणार? ती लाखोंनी असते, म्हणून तिची कोणालाच किंमत वाटत नाही. मग एके दिवशी ती एकही उरत नाही.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवा. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या कंपनीने कुर्ल्याला बनवलेली ही गाडी कित्येक वर्षे मुंबईची ओळख होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून तिची मुदत संपली. तेव्हा एक तरी पद्मिनी जतन करा, अशी विनंती टॅक्सीचालकांच्या संघटनेला करावी लागली. जर्मनीत याच्या उलट घडले. पूर्व जर्मनीतील त्स्विकाऊ शहरात ट्राबांट नावाची स्वस्त मोटार बनत असे. १९९१ साली तिचे उत्पादन बंद झाले. लोक तिला हसत, अनेकांनी ती टाकून दिली. आज त्याच शहराच्या संग्रहालयात ती मानाने उभी आहे आणि हौशी लोक तिचे मेळावे भरवतात.

आपल्या सरकारने २०२१ साली एक नियम केला आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ मानली जाते. तिला वेगळा क्रमांक मिळतो. ती रोज वापरता येत नाही, पण प्रदर्शनात किंवा रॅलीत नेता येते. या हिशोबाने पहिल्या इंडिकाला पन्नास वर्षे केव्हा पूर्ण होतील? २०४८ साली! तेव्हा तुम्ही माझ्या आजच्या वयाचे असाल. त्या दिवशी कोणी संग्राहक एखाद्या इंडिकाला मोठी किंमत देईलही. परंतु किंमत मिळेल म्हणून ती जपावी, असे मला वाटत नाही. आपल्या माणसांच्या हातांनी काय घडवले, याचा तो पुरावा आहे, म्हणून ती जपावी.

‘पिकते तिथे विकत नाही’ अशी मराठीत म्हण आहे. ती आपल्या शहराला लागू पडू नये. शहराच्या वतीने एक चांगली इंडिका सर्वांना जवळून पाहता येईल अशा ठिकाणी ठेवावी आणि तिच्याशेजारी ती घडवणाऱ्या कामगारांच्या आठवणी लिहून लावाव्यात. शहरात रस्ते, पाणी असे मोठे प्रश्न आहेत, हे खरे. पण एका मोटारीला जागा ती किती लागणार?

गाडी मिळेल तेव्हा मिळेल. आठवणी जमवण्याचे काम तुम्ही आजच सुरू करू शकता. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा : तुम्ही कारखान्यात कोणते काम करत होता? पहिल्या दिवशी काय वाटले? ते जे सांगतील ते आधी उर्दूत लिहा, मग मराठीत लिहा. ‘कारखाना’ आणि ‘कारागीर’ हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत. जुना फोटो किंवा कारखान्याचा पास सापडला तर रद्दीत टाकू नका. उर्दूत आपण ज्याला ‘यादगार’ म्हणतो, ती कधी कधी खिळ्याला टांगलेली एक साधी किल्लीही असते.