गळाचें चाक

गंगाखेडच्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुसलें आहे: गोदावरींत महाशीर धरावयास स्वस्त व टिकाऊ रीळ कोणतें? विषय अगदींच अब्रह्मण्य नव्हे. चालुक्य सोमेश्वरानें १२ व्या शतकांत ‘मानसोल्लासां’त मत्स्यविनोद सविस्तर वर्णिला आहे.

महाशीर गळास लागतांच प्रवाहांत दूर पळत सुटतो. म्हणून १०० मीटरांहून अधिक मजबूत दोरी मावेल, व ब्रेक हिसका न देतां ती सोडील, असेंच रीळ पाहावें. दुकानांत ब्रेक आवळून दोरी ओढून पाहण्यास लाजूं नये. बेअरिंगांच्या आंकड्यास भुलूं नये. प्लास्टिकचा सांगाडा मात्र जोरांत पिळवटतो व दांते घसरतात. तेथें काटकसर नको. गोदेची वाळू आंत शिरली कीं महागडें रीळही कुरकुरूं लागतें. तें वाळवंटांत टेकवूं नये, घरीं येतांच ओल्या फडक्यानें पुसावें.