कुलूप तपासणाऱ्याच्या हाती किल्ली

पूर्वी पेढीचा हिशेब चोपडीत असे आणि चोपडी तिजोरीत. आज तो संगणकात आहे, आणि त्याच्या राखणीसाठी आपले व्यापारी बांधव बाहेरचा जाणकार बोलावतात. यंत्रमागवाला असो की तयार कपड्यांचा ठोक व्यापारी, जीएसटीचा पासवर्ड, बँकेचे लॉगिन, उधारीची यादी, कोणाला कोणत्या भावाने माल दिला, हे सारे त्याच्या नजरेखालून जाते. मुनीमजींना वर्षानुवर्षे पारखून जे दाखवले जाई, ते याला पहिल्याच दिवशी दाखवावे लागते. आपल्याकडे यालाच अमानत म्हणतात.

बिटकॉइनच्या नावाने झालेल्या फसवणुकीच्या तपासात पुणे पोलिसांनी २०१८ साली दोन बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेतली होती. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. तपासात हाती आलेले आभासी चलन त्यांनी परस्पर वळवले, असा आरोप आहे. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण पोलीस खात्यावर ही वेळ येते, तर दुकानदाराने किती सावध असावे?

तथापि, चोरी करणारा सल्लागार विरळाच. आमच्या मते खरे दुखणे वेगळे आहे. दोष शोधणारा आणि औषध विकणारा एकच माणूस असतो. तो घाबरवतो, महागडे यंत्र गळ्यात मारतो आणि कंपनीकडून गुपचूप कमिशन घेतो. आपला बाजारातला दलाल निदान दलाली सांगून तरी घेतो!

प्रामाणिक सल्लागारालाही कागद हवाच असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या न्यायालय प्रशासनाने नेमलेले दोन तपासनीस बंदोबस्त पारखण्यासाठी रात्री डॅलस काउंटीच्या न्यायालयात शिरले. परवानगीचे पत्र खिशात असूनही ते तुरुंगात गेले, कारण राज्याने दिलेली परवानगी काउंटीच्या इमारतीला चालते का, यावरच वाद झाला. जानेवारी २०२० मध्ये खटला मागे घेण्यात आला. मोठ्या कंपनीच्या कराराची ही गत, आणि आपल्याकडे सारा व्यवहार तोंडी!

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२-अ मध्ये कराराने हाती आलेली लोकांची खासगी माहिती गैरफायद्यासाठी फोडणाऱ्यास पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती; २०२३ च्या दुरुस्तीने तिच्या जागी आर्थिक दंड आला. पण करार लिहिलाच नाही, तर मोडला कसा हे दाखवणार?

म्हणून संगणकाला हात लावू देण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्यावे: काय पाहणार, केव्हा, कोणाच्या परवानगीने, कमिशन कोणाकडून घेतो, आणि उतरवून घेतलेली माहिती कधी पुसणार. काम संपले की त्याच संध्याकाळी सर्व पासवर्ड बदलावेत. जाणता सल्लागार हे स्वतःहून सुचवतो. सहीला टाळाटाळ करणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.