चालकाची झोप सहलीच्या खर्चात धरा

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या बेलवलीत, किंबहुना सगळ्या बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात, भाड्याच्या गाड्यांना मागणी वाढते. कुणाला अष्टविनायक करायचे असतात, कुणाला शिर्डी, कुणाला कोकणातले गाव, तर कुणाला गोवा. गाडी ठरवताना आपण सारे विचारून घेतो. किलोमीटरला दर काय, एसी चालू राहील ना, टोल कुणाकडे? एक प्रश्न मात्र कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही : "दादा, तुमची झोप झाली आहे का?"

माझ्या दवाखान्यात गाडी चालवून संसार करणारे बरेच रुग्ण येतात. कंबरदुखी, अॅसिडिटी, मूळव्याध, लघवीची जळजळ अशा त्यांच्या तक्रारी असतात. वाटेत थांबावे लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचे, ही त्यांची सवय. जेवण मिळेल तेव्हा आणि मिळेल ते. जागे राहण्यासाठी तंबाखू. मधुमेह किंवा रक्तदाब असला तर गोळ्या घरीच राहतात. पण या सर्वांहून मोठा आजार ते कधी सांगत नाहीत, कारण त्यांना तो आजार वाटतच नाही. तो म्हणजे अपुरी झोप.

एक साधा हिशेब पाहू. आपली मंडळी कामावरून लोकलने घरी येतात, जेवतात आणि 'रात्री रस्ता मोकळा असतो' म्हणून दहा-अकराला निघतात. गाडीवाला मात्र सकाळी सहापासून जागा असतो. शाळेची मुले, विमानतळाची फेरी असे करून तो आपल्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याला जागून सतरा तास होत आलेले असतात. सतत सतरा तास जागलेल्या माणसाच्या हालचाली काहीशी दारू प्यायलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात दिसून आले. दारू प्यायलेल्या माणसाच्या हाती आपण किल्ली देणार नाही. झोप न झालेल्याच्या हाती मात्र बिनदिक्कत देतो आणि स्वतः मागे मान टाकून घोरू लागतो.

पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचे घड्याळच झोपेकडे ओढते. दुपारी जेवणानंतरही तसाच एक उतार येतो. अशा वेळी डोळे उघडे असूनही मेंदू तीन-चार सेकंद झोपून जातो. ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर जाते. इच्छाशक्तीने झोप थोपवता येत नाही. खिडकी उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा उपयोग अगदी थोडा वेळ होतो.

१३ जानेवारी २०२३ रोजी आपल्याच अंबरनाथ-उल्हासनगर परिसरातून शिर्डीला निघालेली एक खासगी बस सिन्नर तालुक्यात पाथरे गावाजवळ सकाळच्या वेळी ट्रकवर आदळली आणि दहा जण दगावले. त्या अपघाताचे कारण ठरवणे माझे काम नव्हे. पण रात्रभर प्रवास करून पहाटे पोहोचायचे, या आपल्या रिवाजाचा विचार त्यानंतर घरोघरी व्हायला हवा होता. तो झाला नाही.

युरोपची सहल करून आलेले एक गृहस्थ मला सांगत होते, "डॉक्टर, हॉटेल वीस मिनिटांवर आणि बसवाला पाऊण तास हलेना!" मी म्हटले, तो आळशी नव्हता, नियमाने बांधलेला होता. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे विश्रांती सक्तीची असते. दिवसाला नऊ तास चालवायचे, आठवड्यातून फार तर दोनदा दहा. गाडीतले यंत्र प्रत्येक मिनिट नोंदवते. फ्रान्समधून इटलीत किंवा जर्मनीत गेले तरी हिशेब पुसला जात नाही. मात्र हा नियम मोठ्या बस आणि मालमोटारींना आहे. एखाद्या कुटुंबाला पॅरिसहून रोमला नेणाऱ्या छोट्या मोटारीच्या चालकाला हे यंत्र नाही. तिथेही सारे त्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर चालते.

आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. स्वतःच्या एकाच गाडीवर पोट असलेल्या माणसाला त्याचा आधार नव्हता. तो नाही म्हणाला तर भाडे दुसऱ्याला जाते, आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, त्याच्या झोपेची जबाबदारी गाडी ठरवणाऱ्यानेही उचलली पाहिजे.

वाचकहो, एवढे करा. रात्रीऐवजी पहाटे पाचनंतर निघा आणि आदल्या रात्री दुसरे भाडे घेऊ नका, असे चालकाला आधीच सांगा. दर दोन-अडीच तासांनी थांबा. मुक्कामी त्याला गाडीत झोपू देऊ नका. त्याच्या खाटेचे आणि जेवणाचे पैसे खर्चात आधीच धरा. अष्टविनायक दोन दिवसांत उरकण्याऐवजी तीन दिवस घ्या. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने जागे राहावे. चालक वारंवार जांभया देऊ लागला, गाडी रेषेबाहेर जाऊ लागली, की लाज न बाळगता थांबवा.

चालक बंधूंनो, डोळे जड झाले तर सुरक्षित जागी गाडी लावून आधी चहा घ्या आणि लगेच वीस मिनिटे झोपा. चहाचा परिणाम सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या विचारल्याशिवाय घेऊ नका. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकवलेत तर साखर एकदम उतरू शकते. फार घोरत असाल आणि दिवसाही पेंग येत असेल, तर तपासून घ्या. त्यावर उपचार आहेत.

एका रात्रीच्या खोलीचे भाडे वाचवण्यासाठी घरातली सारी माणसे पेंगलेल्या हातांत सोपवणे, हा व्यवहार मला तरी स्वस्त वाटत नाही.