हरकत कोणाची, गाव कोणाचे?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे महाराष्ट्राला परिचित झाले. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०१३ साली गावाने आपली खासगी शेतीही ग्रामदानात दिली. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते.

मेंढ्याच्या शेजारीच तालुक्याचे ठिकाण असलेला धानोरा आहे. २०१५ साली तेथील ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. एटापल्ली, भामरागड, कोरची, कुरखेडा, अहेरी यांचेही तेच झाले. ही केवळ पाटी बदलण्याची गोष्ट नव्हती. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरील पंचायतीशी विचारविनिमय करण्याचे बंधन १९९६ च्या पेसा कायद्याने घातले. परंतु तो कायदा पंचायतींपुरता आहे. नगरपालिकांसाठी संसदेने असाच स्वतंत्र कायदा करावा, अशी वाट घटनेच्या २४३ झेड-सी कलमाने मोकळी ठेवली आहे. तसे विधेयक २००१ साली मांडलेही गेले. त्याचा कायदा मात्र झाला नाही. गाव शहर झाले आणि ग्रामसभा गेली. मग तिच्या जागी आले काय?

आली ती विकास आराखड्यावरील ‘हरकती व सूचना’. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार नियोजन प्राधिकरण प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते, ठरावीक मुदतीत हरकती मागवते, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि अखेर शासन मंजुरी देते. पुढील वीस वर्षांत रस्ता कोठून जाईल, बाजार कोठे भरेल, कोणाचे शेत निवासी भागात येईल, हे त्यावरून ठरते. कायदा हरकतीचा अधिकार कोणाही व्यक्तीला देतो; सातबारा असलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही. परंतु नकाशाची भाषा सर्व्हे नंबरांची आहे. ज्याच्या नावावर सर्व्हे नंबर आहे त्याला आपले नुकसान नकाशावर ताबडतोब दिसते. तो वकील गाठतो, अर्ज लिहितो, सुनावणीला उभा राहतो. भाडेकरू, हातगाडीवाला, मोहफुले वेचून बाजारात आणणारी बाई यांचे नुकसान कोणत्याही सर्व्हे नंबरात मावत नाही. त्यांची हरकत लिहायची कोणी?

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक जमीनमालक म्हणजे भूखंडांचा व्यापारी नव्हे. दोन-तीन एकरांच्या धनी असलेल्या शेतकऱ्याच्या शेतावर शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण पडले की ते शेत विकणेही अवघड होते आणि त्यावर घरही बांधता येत नाही. नगरपालिकेकडे मोबदल्याला पैसा नसतो. दहा वर्षे उलटल्यावर मालकाने कलम १२७ खाली नोटीस द्यावी आणि तरीही संपादन न झाल्यास आरक्षण रद्द व्हावे, ही तरतूद न्याय्यच आहे. परंतु त्याच दिवशी वस्तीतील मुलांचे मैदानही रद्द होते आणि त्यांच्या वतीने नोटीस देण्याची सोय कायद्यात नाही. मालकाला उशिरा का होईना, दाद मिळते. रहिवाशाला तीही नाही.

सार्वजनिक जमिनीचा प्रश्न याहून बिकट आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत निस्तारपत्रकात नोंदलेली गुरचरण, सरपणाची जागा, मामा तलावाची पाळ ही पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या वापरातील जमीन आहे. आराखड्याच्या नकाशावर तीच ‘सरकारी जागा’ होते आणि मोबदला द्यावा लागत नसल्याने सर्वांची नजर प्रथम तिच्यावर जाते. त्यात २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याचा मार्ग न्यायालयाने दाखविला आहे. परंतु तो शासनाने केंद्राकडे पाठवावयाच्या प्रस्तावांतून जातो. अशा जमिनीवर ज्यांची घरे आहेत, त्यांचे प्रस्ताव वेळेवर आणि पूर्ण जातात की नाही, याकडे लक्ष कोण देणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी आराखड्याची नोटीस निघण्याची वाट पाहू नये. प्रत्येक प्रभागात आजच सभा घ्यावी. निस्तारपत्रक तहसीलमधून काढून त्याचे जाहीर वाचन करावे. नोटीस निघताच नकाशा चावडीवर लावून मराठीत आणि गोंडीत समजावून सांगावा. भूमिहीनांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या हरकती एकत्र लिहाव्यात. या दोघांना परस्परांविरुद्ध उभे करण्यातच जमिनीच्या दलालाचा फायदा असतो. आणि अनुसूचित क्षेत्रातील शहरांत प्रभागसभेच्या संमतीविना आराखडा मंजूर होऊ नये, यासाठी २००१ साली अर्धवट राहिलेला कायदा पूर्ण करून घेण्याचा लढा उभारावा.

मेंढ्यात माणसाला विचारतात. तेथून जवळच असलेल्या धानोऱ्यात सातबाऱ्याला विचारले जाणार असेल, तर त्या वाढीला विकास कसे म्हणावे?