समाजमंदिराची किल्ली

आमच्याकडे 'क्लब' हा शब्द चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, "इथे क्लब आहे का हो?" समोरचा माणूस आधी तुमच्या पायातल्या बुटांकडे बघेल (पोलीस तर नाही ना!) आणि मग मान हलवेल. क्लब म्हणजे पत्त्यांचा. मन्ना, तीन पत्ती, रमी. पेपरात आतल्या पानावर "क्लबवर छापा, इतके जण ताब्यात" असं येतं तोच क्लब.

हे सुचायचं कारण म्हणजे माझी मामेबहीण. ती गेली काही वर्षं दक्षिण इंग्लंडातल्या एका खेड्यात राहते. जेमतेम हजार वस्तीचं गाव. तिने गेल्या महिन्यात लांबलचक मेल पाठवली, त्यात गावातल्या मंडळांची यादी होती. क्रिकेट क्लब, बागकामवाले, चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांचा वेगळा गट, गावाचा इतिहास जमवणारे, नाताळच्या सुमारास हौशी नाटक करणारे आणि बायकांचं विमेन्स इन्स्टिट्यूट. शेवटी एक वाक्य: "आपल्या गावात यातलं काहीच नव्हतं नाही का गं?"

आता यावर मी गप्प बसणार आहे का?

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं. मी सोलापुरात राहते पण सणावाराला, जत्रेला, कोणाच्या लग्नाला जाणं होतंच. मेल वाचल्यावर बोटं मोजायला बसले. गणेश मंडळं तीन (दोन होती, भांडण होऊन तीन झाली). जयंती मंडळ एक. तालीम एक, म्हणजे इमारत आहे, लाल माती आहे, पैलवान मात्र जत्रेच्या कुस्त्यांपुरते उगवतात. पुरुषांचं भजनी मंडळ. आषाढीची दिंडी. टेनिस बॉल क्रिकेटच्या दोन टीम. मोहरमचे पंजे बसतात, त्यात निम्मे लोक हिंदू. एक ग्रंथालय, 'ड' वर्गातलं. १९६७ च्या कायद्याने आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि 'ड' म्हणजे शेवटचा. आमच्या ग्रंथालयात पेपर वाचायला येतात, तेही निवडणुकीच्या दिवसांत जास्त. आणि भिशी! भिशी किती आहेत ते देवालाच ठाऊक.

क्रिकेटचं म्हणाल तर 'सैराट' ज्यांनी पाहिला असेल त्यांना सुरुवातीची मॅच आठवत असेल. ती कॉमेंट्री! २०१६ साली पुण्या-मुंबईच्या लोकांना ती फार विनोदी वाटली. आम्हाला त्यात विनोद कमी आणि ओळखीचं जास्त दिसलं. करमाळ्याकडची काय नि आमच्याकडची काय, माईक हातात आला की माणूस असाच बोलतो.

म्हणजे काहीच नाही असं अजिबात नाही. सोलापूर शहरात तर गणेश मंडळांच्या नावातच अजून तालीम आहे. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम. विसर्जनाच्या मिरवणुकीतलं लेझीम पाहायचं असेल तर त्याच्या आधीच्या संध्याकाळी जा. सराव चालू असतो. शिकवणारा ओरडत असतो, नवीन पोरं चुकत असतात, जुनी हसत असतात. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचंही तसंच. सात नंदीध्वज, तो उंचच्या उंच बांबू कमरेला तोलून उभा धरून चालायचं, अंगात पांढरी बाराबंदी. यात्रेआधी काही आठवडे त्याचा सराव होतो. यात्रा लोक बघतात, सराव कोणी बघत नाही. माझ्या मते खरी गंमत सरावात असते. इंग्लंडातल्या त्या घंटा वाजवणाऱ्यांचंही बहीण हेच सांगते, दर आठवड्याला एक संध्याकाळ नुसता सराव.

डीजे आला तेव्हा हेच गेलं. आवाजाबद्दल सगळे बोलतात, तो आवाज वाईटच आहे, २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे, ती कोण पाळतं ते आपण कानाने ऐकतोच. पण माझी तक्रार वेगळी आहे. डीजेला सराव लागत नाही. वर्गणी गोळा करायची, अॅडव्हान्स द्यायचा, त्या दिवशी नाचायचं. महिनाभर रोज संध्याकाळी पंचवीस पोरांनी एका जागी जमून, एकमेकांच्या शिव्या खाऊन, एक गोष्ट नीट करायला शिकायची... हे डीजेत कुठे आहे? हुरड्याचं तेच झालंय. पूर्वी शेतात आगटी पेटवून बसायचं, आता तिकीट काढून 'हुरडा पार्टी', वर पाळणा नि उंटाची सफर. असो. हुरड्यावर एकदा वेगळं लिहीन.

तर बहिणीला मी ही सगळी यादी पाठवली. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं: "छान. यातल्या कशात काकू आहे?"

काकू म्हणजे आमची धाकटी काकू. साठी ओलांडलेली. गळा असा की तिने ओवी म्हटली तर पलीकडच्या गल्लीतली बाई हातातलं काम थांबवते. आणि खरंच, यादीत काकू कशातच नव्हती. दिंडीत आहे, तुळस डोक्यावर घेऊन, पण ती वर्षातून एकदा.

गावातल्या बाईच्या वाट्याला येतात ते वर्षाचे मोजके दिवस. नागपंचमीचा झोका, हादगा, संक्रांतीचं हळदीकुंकू. त्यातलेही निम्मे लग्नाआधीच्या मुलींचे, आणि हळदीकुंकवाला विधवा बाईने जायचं की नाही हा प्रश्न अजून संपलेला नाही. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, घरचं काम सोडून, आवडीच्या चार बायकांबरोबर बसायचं असं काही नाही. पुरुषांना पार आहे, चावडी आहे, चहाची टपरी आहे, देवळाचा कट्टा आहे. कोणी विचारत नाही "कुठं निघालास?" आणि विचारलं तरी "आलोच" एवढं उत्तर पुरतं.

एक अपवाद आहे, बचत गट. १९९२ मध्ये नाबार्डने गट बँकांना जोडायला सुरुवात केली, पुढे २०११ पासून 'उमेद' आलं आणि गावोगाव दहा ते वीस बायकांचे गट झाले. त्यांवर बोलणारे लोक नेहमी कर्ज, परतफेड, शेळीपालन, पापड यावर बोलतात. मी काकूच्या गटाच्या बैठकीला दोन-तीनदा बसलेय. हिशेब दहा मिनिटांत संपतो. नंतरचा पाऊण तास जे चालतं ना, त्याला बहिणीच्या गावात क्लब म्हणतात! कुणाच्या सुनेची नक्कल, कुणाच्या गुडघ्यांचं औषध, मधेच एखादं जात्यावरचं गाणं. मी काकूला म्हटलं, मग पैसे कशाला, नुसतंच भेटा की. ती म्हणाली, "पैशाचं काम म्हणून सोडतेत गं. नुसतं बसायला कोण सोडतंय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बाईने एकत्र यायचं तर देव तरी पाहिजे नाहीतर कर्ज तरी. आणि कर्जाचं म्हणाल तर आता दर आठवड्याला खाजगी मायक्रोफायनान्सवाल्यांच्याही बैठका होतात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात. तिथे कसली नक्कल नि कसलं गाणं.

तर काकूने आणि तिच्या गटातल्या बायकांनी देवाचा मार्ग धरला. महिला भजनी मंडळ काढायचं ठरवलं. यात मला लबाडी वाटत नाही, काकूची भक्ती खरीच आहे. पण तिला गायचं आहे हेही खरं आहे. पुरुषांच्या मंडळात बायका मागे बसून टाळ्या वाजवू शकतात, चाल लावू शकत नाहीत. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात ती मात्र बायकांनी मळून द्यायची!

मंडळ निघालं, टाळ आले, एकीने पेटी दिली. अडलं कुठे? जागेपाशी.

आमच्या गावात दहा-बारा वर्षांपूर्वी समाजमंदिर झालं. आमदार निधीतून. संगमरवरी पाटी आहे, पाटीवर नऊ नावं आहेत. आत काय आहे? सिमेंटची पोती, मोडके बाक, एका गणेश मंडळाचा थर्माकोलचा महाल आणि किल्ली 'कुणाकडे तरी'. बायकांनी मंगळवारी दुपारी दोन तास मागितले. पहिल्यांदा उत्तर आलं, ग्रामसभेत ठराव घ्या. ग्रामसभा १५ ऑगस्टला. ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यावी असं कायद्यातच आहे, ती आमच्याकडे सह्यांच्या वहीत होते. ठराव झाला. मग आलं, लाईटबिल कोण भरणार? दुपारी दोन वाजता लाईट कशाला लागते हे कोणी विचारलं नाही. मग आलं, सामान कुठे हलवणार. कोणी नाही म्हणालं नाही हं! नाही म्हणायचं नसतंच. किल्ली सापडायची नसते.

"देवळाचा सभामंडप आहे की" असं मला घरातल्याच एकांनी सुनावलं. आहे ना. पण महिन्याचे चार दिवस निम्म्या बायका मंडपाच्या बाहेर. गटात एक मुसलमान बाई आहे, शिवण शिकवते, तिने काय करायचं? आणि देवळात कोण किती आत येतं याचा हिशेब या जिल्ह्याने तरी विसरू नये. पंढरपूरचा विठ्ठल सर्वांना खुला व्हावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं, आणि तो विठ्ठल म्हणजे सगळ्यांचा म्हणवला जाणारा देव! म्हणून म्हणते, गावात एक तरी छप्पर असं हवं की जे कुठल्याच देवाचं नाही, कुठल्याच भावकीचं नाही.

बहिणीला विचारलं, तुमच्याकडे कसं चालतं? तिच्या गावात एक 'व्हिलेज हॉल' आहे. त्या देशात असे बरेच हॉल पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावकऱ्यांच्या आठवणीसाठी बांधले गेले. वापरणाऱ्या मंडळांचीच समिती तो चालवते. दारावर तक्ता लावलेला असतो, तासाला भाडं, ज्याचं नाव आधी त्याची वेळ. सोमवारी योगा, मंगळवारी बागकामवाले, बुधवारी विमेन्स इन्स्टिट्यूट. हे इन्स्टिट्यूट म्हणजे काही फार प्राचीन परंपरा नव्हे, १८९७ मध्ये कॅनडात निघालं, १९१५ मध्ये वेल्समधल्या एका गावात पहिलं मंडळ सुरू झालं. शेतकऱ्यांच्या बायकाच त्या. उगाच त्या गावाचा स्वर्ग करत नाही मी, तिथेही म्हाताऱ्यांचीच गर्दी आहे, क्रिकेट क्लबला अकरावा गडी मिळत नाही आणि भाड्यावरून भांडणं तर आपल्यासारखीच. पण भांडण भाड्यावरून होतं, किल्लीवरून नाही.

माझं मत काहींना आवडणार नाही, तरी मांडते. समाजमंदिर फुकट असू नये. तासाला वीस रुपये भाडं लावा, पावती फाडा, दारावर महिन्याचा तक्ता लावा. गावात मी हे बोलले तर एक जण म्हणाले, गरीब बायकांकडून पैसे घेणार का? वीस बायका, दोन तास, चाळीस रुपये. बाईला दोन रुपये पडतात. फुकट मिळतं तेव्हा ती कुणाची तरी मेहेरबानी असते, आणि मेहेरबानी करणाऱ्याला मतं आठवतात. पावती असली की पावतीवाल्याला कोणी "बघू" म्हणू शकत नाही. गणेश मंडळाच्या महालालाही भाडं लावा, मग बघा तो किती दिवसांत हलतो. :)

आणि ज्या पोरांना लेझीम बसवायचंय त्यांनाही पावसात छप्पर मिळेल, ग्रंथालयाला टेबल मिळेल. संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा सात माणसं मागतो. गावात सात माणसं कुठल्याही गोष्टीसाठी जमतात, अगदी मन्ना खेळायलाही.

सध्या बायका शाळेच्या व्हरांड्यात बसतात. शाळा सुटली की साडेपाचला जमतात आणि सातला स्वयंपाकासाठी उठतात. दुपारची वेळ हवी होती कारण संध्याकाळी धार काढायची असते, पण आता धार घरातले पुरुष काढतात, निदान मंगळवारी तरी. पखवाजावर अजून पुरुषांच्या मंडळातले एक आजोबा येतात, आणि त्यांच्या शेजारी बसून सातवीतली एक मुलगी मांडीवर बोटं आपटत असते. कणीक मात्र आता आजोबा घरूनच मळून आणतात.