मोजमापाची सबुरी

एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना आणि कल्याणपूर या ठाण्यांमधील अंतर दोन रीतींनी काढले गेले, तेव्हा उत्तरांत सुमारे सव्वापाच विकलांचा फरक पडला. हिमालयाच्या ओढीने ओळंबा कलत असावा, असा तर्क झाला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी गणित मांडले, तर फरक त्याच्या तिप्पट यायला हवा होता. या विसंगतीतूनच १८५५ साली पर्वतांच्या मुळांचा, म्हणजे भूसंतुलनाचा विचार पुढे आला. किरकोळ चूक म्हणून ती पुसून टाकली असती, तर तो लांबला असता.

आज ओळंब्याचे काम अणू करू लागले आहेत. लेसरने निरपेक्ष शून्याच्या निकट थंड केलेला अणू लहरीसारखा वागतो. ती लहर दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणली, की व्यतिकरणावरून अणूच्या पतनाचा त्वरण कळतो. १९९१ साली स्टॅनफर्डमध्ये कासेविच आणि चू यांनी हा मार्ग दाखवला. २०२० साली तेथेच रुबिडियमचे दोन समस्थानिक एक लाख कोटींत एक भाग इतक्या अचूकतेपर्यंत सारखेच पडतात, हे तपासले गेले. गुरुत्वस्थिरांकाच्या मूल्याबाबत मात्र जगातील प्रयोगशाळांचे अद्याप एकमत नाही. म्हणजे प्रश्न खुला आहे.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तिचे संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. मोहिमेच्या घोषणेत चुंबकमापी व अणुघड्याळे ठळकपणे आहेत. खनिजशोधाला किंवा दिशादर्शनाला उपयोगी यंत्रे हवीतच. दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर उभ्या राहिलेल्या भिलाईत राहणारा मी ते नाकारणार नाही. परंतु निव्वळ उपयोगासाठी बनवलेले यंत्र गुरुत्वाकर्षणाच्या मूलभूत नियमाला प्रश्न विचारीत नाही.

प्रशासनात मी मार्चअखेरची उपयोगिता प्रमाणपत्रे पुष्कळ पाहिली. अशा प्रयोगांना त्या मापाने तोलता येत नाही; कंपन, चुंबकीय क्षेत्र, तापमान यांतील एकेक त्रुटी हटवण्यात वर्षे जातात. म्हणून मोहिमेतील निश्चित वाटा मूलभूत मापनासाठी राखावा, दहा वर्षांची हमी द्यावी आणि कुशल तंत्रज्ञांची पदे कायम ठेवावीत. १९५५ च्या करारानंतर भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. पोलादासाठी दाखवलेली ती सबुरी ज्ञानासाठीही दाखवता येईल.