रीलमध्ये आई कुठंय?

मार्च आला की तुमच्या फीडवरही ते येतंच. वेळासचा किनारा, तिरकी केलेली टोपली आणि समुद्राकडे तुरुतुरु निघालेली ऑलिव्ह रिडलेची पिल्लं. खाली कमेंट्स : ‘सो क्यूट’, ‘जा बाळांनो’. आपण हार्ट देतो आणि कासवं वाचली असं धरून चालतो. इथंच माझा आक्षेप आहे.

इकॉलॉजीत ‘सर्व्हायव्हरशिप कर्व्ह’ शिकवतात. हत्तीण एका वेळी सहसा एकच पिल्लू देते, वर्षानुवर्षं सांभाळते. बहुतेक मरण म्हातारपणी. कासवाचं उलटं. मादी एका खेपेला शंभरेक अंडी घालते, वाळू थापते आणि निघून जाते. आईपण संपलं! हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं, असा ढोबळ अंदाज. पण जे वाढलं, ते सहजी मरत नाही. वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं, मग पुढं अनेक वर्षं अंडी. हा सगळा जुगार त्या मोठ्या मादीच्या जिवावर चालतो.

१९८७ मध्ये क्राउझ, क्राउडर आणि कॅसवेल या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या लॉगरहेड कासवांचं गणित मांडलं. अंडी शंभर टक्के वाचवली तरी घट थांबत नव्हती. वाढीला लागलेली मोठी कासवं वाचवली, की आकडा फिरत होता. ती मरत होती कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. जाळं बराच वेळ पाण्याखाली ओढलं की ते चक्क बुडून मरतं.

यावर उपाय आहे. जाळ्यात धातूची जाळी बसवायची. कोळंबी गजांतून आत जाते, कासव वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर. नाव ‘टेड’. थोडी मासळीही निसटते, म्हणून मच्छीमार कुरकुरतात. त्यांचं काय चुकलं? डिझेलचा खर्च आपण भरत नाही. जाळं कापून कासव सोडणाऱ्यांना महाराष्ट्रात भरपाई मिळते, हे मात्र चांगलंय.

वेळासचं काम मी कमी लेखत नाहीये. २००२ पासून तिथं घरटी जपली जातायत, तीही गावकऱ्यांच्या हातांनी. अंडीच चोरीला गेली तर पुढचं गणित सुरूच होत नाही. पण यंदा वेळासला गेलात, तर पिल्लांचा व्हिडिओ झाल्यावर जरा बंदरावर जा. ‘जाळ्यात टेड आहे का?’ विचारा. उत्तर कदाचित तिरकं येईल. तेही शूट करा.